कॅमेऱ्याआधी संकलन : माध्यमशिक्षणातला माझा उलटा क्रम

माध्यमशास्त्राच्या बहुतेक अभ्यासक्रमांत चित्रपटनिर्मितीचा भाग कॅमेऱ्यापासून सुरू होतो. पहिल्या तासाला लेन्स, ॲपर्चर आणि शटर यांची ओळख होते, पुढच्या आठवड्यात ट्रायपॉड हाती येतो, आणि संकलन, म्हणजे टिपलेली दृश्ये कापून-जोडून फिल्म रचण्याचे काम, मात्र सत्राच्या अखेरीस, सादरीकरणाची तारीख डोक्यावर आलेली असताना, कसेबसे उरकले जाते. पुण्यात माध्यमशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेताना माझे मत याच्या नेमके उलट होत गेले. ज्याला इतर सगळे विषय सांभाळून दोन वर्षांत चित्रपट करण्याचे कौशल्य कमवायचे आहे, त्याने आधी संकलन शिकावे, मग ध्वनी, आणि कॅमेऱ्याकडे त्यानंतर वळावे, असे मला आता ठामपणे वाटते.

यामागे एक व्यवहाराचे कारण आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी आणि संकलन यांचे शिक्षण स्वतंत्रपणे दिले जाते, आणि एकेका शाखेचा विद्यार्थी आपापल्या विषयात खोलवर उतरतो. आमच्यासारख्या माध्यमशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र हे चारही हात स्वतःचेच असतात. विभागाचा कॅमेरा साऱ्या गटांत फिरतो आणि तो आपल्या वाट्याला येतो थोड्या काळासाठीच. संगणक मात्र रोज समोर असतो, आणि डाविंची रिझॉल्व्हसारखे व्यावसायिक दर्जाचे सॉफ्टवेअर आज विनामूल्य उपलब्ध आहे. जे साधन रोज हाताशी आहे त्यावर रोज सराव करता येतो, आणि हात बसतो तो रोजच्या सरावानेच.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पहिल्या सत्रात आमच्या शिक्षकांनी आम्हाला कॅमेरा न देता आधीच्या तुकडीने मंडईत केलेले चित्रीकरण दिले आणि त्यातून तीन मिनिटांची फिल्म कापायला सांगितली. दुसऱ्याने टिपलेल्या दृश्यांविषयी आपल्याला माया नसते, त्यामुळे त्यांतले बळ आणि उणिवा दोन्ही स्वच्छ दिसतात. एका शॉटमध्ये फुलवाल्या बाई गजरा विणत होत्या. बोटे झपाझप चालत होती, फुलांचे पेड एकावर एक बसत होते, प्रकाशही सुंदर पडला होता. पण दोरा तोडून गाठ मारण्याच्या ऐन क्षणी चित्रीकरण थांबले होते. कामाची अखेर नसल्यामुळे तो शॉट कुठेही कापला तरी अर्धवट वाटे, आणि त्याला जोडण्यासाठी बाईंच्या चेहऱ्याचा किंवा गिऱ्हाइकाच्या हाताचा एखादा कटअवेही (मुख्य दृश्याच्या मध्ये घालायचा पूरक शॉट) कोणी घेऊन ठेवलेला नव्हता. शॉट सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यानंतर काही सेकंद कॅमेरा चालू का ठेवायचा, माणसाला चौकटीत स्वच्छ येऊ आणि जाऊ का द्यायचे, काम चालू असताना हात, चेहरा आणि भोवतालची जागा या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या अंतरांवरून का घ्यायच्या, याविषयी पुस्तकात कितीही वाचले तरी ते त्या गजऱ्याइतके कोणी समजावून दिले नसते. पुढे जेव्हा कॅमेरा हाती आला, तेव्हा शॉट घेताना तो टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या शॉट्सच्या पट्टीवर, कशाला जोडला जाणार आहे याचा विचार आपोआप होऊ लागला.

संकलनाची सत्ता किती मोठी आहे हेही त्याच काळात कळले. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याचा जो प्रयोग चित्रपटाच्या प्रत्येक वर्गात सांगितला जातो, त्यात अभिनेता मोझ्झुखिन याच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट कधी सूपच्या थाळीशी, कधी शवपेटीशी, तर कधी एका स्त्रीशी जोडलेला होता, आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक, शोक आणि अभिलाषा दिसली, असे सांगतात. कथापट करणाऱ्याला यात कलेची शक्यता दिसते. वृत्तमाध्यमांसाठी तयार होणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र यातला धोका आधी पाहिला पाहिजे, असे मला वाटते. कोणा नगरसेवकाने दुसऱ्याच प्रसंगी केलेले स्मित आपण रस्त्यावर साचलेल्या पाण्यानंतर लावले, तर एकही खोटा शब्द न उच्चारता आपण खोटे बोललेले असतो. आम्ही वर्गात हा सराव मुद्दाम केला : एकाच मुलाखतीतील ऐकत असल्याचा तोच शॉट तीन निरनिराळ्या प्रश्नांनंतर लावून पाहिला, आणि तिन्ही वेळा समोरचा माणूस वेगळा वाटला, एकदा समंजस, एकदा अपराधी आणि एकदा चक्क उद्धट. तेव्हापासून मुलाखतीतील प्रतिक्रियेचा शॉट ज्या वाक्यावेळी घेतला त्याच वाक्याशी लावायचा, हा नियम मी माहितीपटात काटेकोरपणे पाळते.

संकलनानंतर मी ध्वनीला स्थान देते, आणि त्याचे श्रेय तांबट आळीला आहे. दुसऱ्या वर्षाच्या माहितीपटासाठी आमच्या गटाने कसबा पेठेतील तांबट आळी निवडली. पेशवाईपासून तांब्याची भांडी घडवत आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. तिथला एक कारखाना म्हणजे जुन्या घराचा पुढचा भाग : वर पत्रा, एका बाजूला भट्टी, भिंतीला टेकवून ठेवलेले बंब आणि हंडे, आणि लोखंडी आधारावर भांडे चढवून त्यावर ओळीने ठोके देत बसलेले काका. या ठोक्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. तापवून नरम केलेले तांबे ठोक्यांनी पुन्हा कडक होते, भांड्याला मजबुती येते, आणि गुळगुळीत केलेल्या हातोड्याच्या प्रत्येक ठोक्याचा एक चकचकीत ठसा पृष्ठभागावर उमटतो. ठसे एकमेकांना लागून, एका वळणात, सारख्या खोलीचे यायला हवेत. हातोडा किंचित तिरका पडला तर कडेचा ओरखडा उमटतो आणि तो नजरेला लगेच खुपतो.

पहिल्या भेटीत आम्ही कॅमेरा नेलाच नव्हता, फक्त रेकॉर्डर आणि हेडफोन नेले होते. काकांना त्याचे नवल वाटले. ते म्हणाले, "फोटो नाही काढायचा? बरं झालं, आधी ऐका. भांडं कुठं पोकळ वाजतंय ते डोळ्याला नाही कळत, कानालाच कळतं." एवढे बोलून त्यांनी एका हंड्याच्या बुडापासून काठापर्यंत ठोके देत नेले, आणि हेडफोनमधून तो आवाज खालून वर चढत गेलेला स्पष्ट ऐकू आला. आमच्या फिल्मचा कणा त्या मिनिटभरात सापडला. दिसणाऱ्या तांब्यावर फिल्म करायला निघालेल्या आम्हाला ऐकू येणाऱ्या तांब्याची फिल्म करायची आहे हे कळले, आणि त्यानंतरचा प्रत्येक तांत्रिक निर्णय त्यावरून ठरत गेला.

ठोक्याचा आवाज टिपणे बोलणे टिपण्याहून अवघड असते. तो क्षणात शिखर गाठतो आणि क्षणात संपतो, त्यामुळे बोलण्याच्या हिशेबाने ठेवलेल्या पातळीवर तो हमखास फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर पुरता दुरुस्त होत नाही. आम्ही पातळी बरीच खाली ठेवली, सर्वांत जोरदार ठोकासुद्धा उणे दहा-बारा डेसिबलच्या वर जाणार नाही अशी (शून्य ही रेकॉर्डरची कमाल मर्यादा), आणि रेकॉर्डरमध्ये सोय होती म्हणून तोच आवाज आणखी कमी पातळीवर दुसऱ्या ट्रॅकवरही घेतला. माइक ठोक्याच्या अगदी जवळ नेला की धातूची किरकिर तेवढी येते आणि फार लांब नेला की पत्र्याच्या छताखालचा घुमारा सगळे गिळून टाकतो. अखेर काकांच्या खांद्याच्या उंचीवर, हातभर बाजूला, बूमची, म्हणजे लांब दांडीवरच्या माइकची, जागा ठरली. काकूंनी दिलेल्या दोन गोधड्या मागच्या भिंतीवर टांगल्या, तेव्हा घुमारा पुष्कळ कमी झाला.

याच जागी एक गोष्ट हाती लागली जी फार थोड्या विषयांत मिळते. स्वतंत्र रेकॉर्डरवरचा आवाज आणि कॅमेऱ्यावरचे चित्र जुळवण्यासाठी क्लॅप देतात, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दोन पाट्या आपटतात, कारण त्या एकमेकांवर आपटल्याची चौकट (व्हिडिओतले एक स्थिर चित्र) आणि त्या आवाजाचे शिखर यांची जोडी नेमकी लावता येते. मठारकामात प्रत्येक ठोका हाच क्लॅप असतो. मात्र त्यामुळे जुळणी एका चौकटीने चुकली तरी डोळ्याला ते जाणवते. आळीच्या दुसऱ्या टोकावरून घेतलेल्या लांबच्या शॉटमध्ये कॅमेऱ्यावरचा ठोका हातोडा पडल्यानंतर ऐकू येत होता, तेव्हा आम्ही कागदावर हिशेब मांडला. सेकंदाला पंचवीस चौकटी म्हणजे एक चौकट चाळीस मिलिसेकंदांची, आणि तेवढ्या वेळात आवाज साधारण चौदा मीटर जातो. म्हणजे अठ्ठावीस मीटरवरच्या कॅमेऱ्याला ठोका दोन चौकटी उशिरा ऐकू येणारच. जवळच्या माइकचा आवाज तिथे चपखल बसवला तर चित्र अचूक होते, पण आळीचे अंतर नाहीसे होते. आम्ही त्या एका शॉटपुरता तो उशीर तसाच ठेवला आहे, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

याखेरीज प्रत्येक जागेची शांतता वेगळी नोंदवायची असते. सगळ्यांनी काम थांबवून अर्धा-एक मिनिट स्तब्ध राहायचे आणि त्या खोलीचा रिकामा आवाज, ज्याला रूम टोन म्हणतात, तो घ्यायचा; संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला दुसरे काहीही चालत नाही. तांबट आळीत शेजारचे ठोके थांबेनात म्हणून आम्ही दुपारच्या जेवणाची वेळ साधली.

पहिल्या सरावांविषयी विचार करताना मला दादासाहेब फाळके वारंवार आठवतात. त्र्यंबकेश्वरी जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, छायाचित्रण आणि छपाईचा धंदा केलेला हा माणूस चाळिशी ओलांडल्यावर नव्याने विद्यार्थी झाला. १९१२ साली लंडनला जाऊन ते चित्रपटाचे तंत्र पाहून आले, विल्यम्सन कॅमेरा मागवला, आणि पूर्ण लांबीच्या कथापटाला हात घालण्यापूर्वी कुंडीत मटार पेरून त्याच्या वाढीचे एकेक चौकट टिपत छोटेखानी चित्रपट केला. तो पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' सर्वसामान्यांसाठी प्रदर्शित झाला. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई फाळके घरीच करत होत्या. मटाराच्या त्या सरावात मला विशेष काय दिसते, तर त्याचा आवाका : विषय एकच, जागा एकच, कॅमेरा हलवायचा नाही, आणि तरीही प्रकाश, चौकट, फिल्मची हाताळणी, रसायने व प्रक्षेपण या सगळ्यांची कसोटी त्यात लागते. विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी वीस मिनिटांचा सामाजिक लघुपट करण्याऐवजी असे आवाक्यातले काम घ्यावे आणि ते तडीस न्यावे. माझ्या वर्गात ज्यांनी पोळी लाटून भाजेपर्यंतची किंवा सायकलचे पंक्चर काढण्याची फिल्म मनापासून केली, त्यांचा हात सर्वांत आधी सुधारला.

आता कॅमेरा. त्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ असले तरी विद्यार्थ्याला सुरुवातीला लागणारे थोडेच असते. आपल्याकडील वीजपुरवठा पन्नास हर्ट्झचा असल्यामुळे ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. सेकंदाला पंचवीस चौकटी आणि एक पन्नासांश सेकंदाचे शटर (प्रत्येक चौकटीवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) ठेवले की चित्रात लुकलुक येत नाही, आणि परदेशी व्हिडिओंत सांगितलेले एक साठांशाचे शटर तसेच उचलले तर ती दिसू शकते. स्वस्त एलईडी दिव्यांचे वर्तन मात्र वेगवेगळे असते, त्यामुळे आधी चाचणी घ्यावी. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंगांची जुळणी) आपोआप होऊ देऊ नये, कारण शॉटच्या मध्ये बदलणारा रंग संकलनात लपवता येत नाही. तांबट आळीत भट्टीचा तांबूस उजेड, ट्यूबलाइटचा निळसर पांढरा आणि दारातून येणारा दिवसाचा प्रकाश असे तीन रंग एकत्र होते. आम्ही ट्यूबलाइट बंद केली, दारातल्या उजेडानुसार बॅलन्स पक्का केला आणि भट्टीला तिच्या रंगात राहू दिले.

तांब्याचे चित्रण हा मात्र वेगळाच अभ्यास ठरला. चकचकीत भांडे स्वतः फारसे दिसत नाही, दिसते ते त्यात पडलेले भोवतालचे प्रतिबिंब, म्हणजे कॅमेरा, आम्ही आणि दारातला पांढरा चौकोन. काचेवरची आणि पाण्यावरची झळाळी कमी करणारा पोलरायझर फिल्टर उघड्या धातूवर फारसा चालत नाही. अखेर थर्माकोलची मोठी शीट भांड्यासमोर उभी करून आम्ही तांब्याला पाहण्यासारखे काहीतरी पांढरे आणि सलग दिले, तेव्हा मठाराचा एकेक ठसा उजळ कडेसह उठून दिसू लागला. थर्माकोल हातभर डावीकडे सरकवला की तेच ठसे सपाट होत. एका हंड्याभोवती शीट फिरवत काढलेल्या त्या दुपारी प्रकाशाची दिशा म्हणजे काय ते मला जितके कळले, तितके वर्गातल्या तीन दिव्यांच्या मांडणीत कळले नव्हते.

मुलाखतीची गोष्ट आणखी वेगळी. काका हात चालू असताना बोलत नसत. "ठोक्यावर ध्यान असलं की तोंड चालत नाही, बाळा. तू विचारशील तेव्हा मी हातोडा खाली ठेवतो," असे त्यांनी आरंभीच सांगितले. त्यामुळे काम करता करता बोलणारा कारागीर हे माहितीपटांतले परिचित दृश्य आम्हाला मिळणार नव्हते, आणि ते मिळवण्यासाठी त्यांना आग्रह करणे मला उचित वाटले नाही. काम वेगळे टिपले, बोलणे संध्याकाळी ओसरीवर बसून वेगळे नोंदवले, आणि पुष्कळदा फक्त आवाजच घेतला. कॅमेरा नसला की माणूस सैल बोलतो, हे प्रत्येक पत्रकाराला ठाऊक असते. प्रश्न विचारल्यावर उत्तर संपले असे वाटले तरी चार-पाच सेकंद गप्प राहावे. काकांच्या मुलाखतीतले सर्वांत चांगले वाक्य, मुलाने हा धंदा का सोडला त्याविषयीचे, अशाच एका थांब्यानंतर आले. ते वाक्य फिल्ममध्ये घ्यावे का, हे आम्ही कापलेला भाग त्यांच्या मुलाला दाखवून, त्याच्याशी बोलून मगच ठरवले. संमतीपत्रावरची सही चित्रीकरणाची असते. माणसाच्या घरातली गोष्ट जगासमोर नेण्याची परवानगी अशी पुन्हा विचारावी लागते.

चित्रपट पाहणे हा शिक्षणाचा भाग आहेच, आणि पुण्यात शिकणाऱ्याला त्याची जी सोय आहे ती इतरांना हेवा वाटावा अशी आहे. १९६४ साली स्थापन झालेले आणि पी. के. नायर या संग्राहकाच्या हाताने उभे राहिलेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय विधी महाविद्यालय रस्त्यावर आहे, आणि तिथल्या पडद्यावर पाहिलेला चित्रपट मोबाइलवर पाहिलेल्या त्याच चित्रपटाहून संकलनाविषयी कितीतरी अधिक शिकवतो. मी मात्र दुसऱ्यांदा पाहताना आवाज बंद करून कट मोजते आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐकते. कोणता कट आवाजाने आधीच सुचवला होता, पुढच्या दृश्याचा ध्वनी चालू दृश्याखाली कुठून सरकत आला, हे अशाच वेळी उमगते.

आमच्या फिल्मचे संकलन आम्ही कागदावर सुरू केले. सगळ्या मुलाखती शब्दशः उतरवल्या, त्यात काकांचे 'हां', 'म्हंजे' आणि थांबेही ठेवले, मग वाक्ये कापून जमिनीवर पट्ट्यांसारखी मांडली आणि त्यांचा क्रम लागेपर्यंत सॉफ्टवेअर उघडले नाही. पहिल्या रफ कटमध्ये, म्हणजे कच्च्या जुळणीत, आळीचा इतिहास सांगणारे निवेदन होते. ते वाचायला छान होते, परंतु ते सुरू झाले की ठोके ऐकू येईनासे होत, म्हणून ते पूर्ण काढून टाकले. पेशवाईचा उल्लेख आता काकांच्या एका वाक्यात येतो आणि तेवढा पुरतो. भट्टीच्या ज्वाळांचे देखणे शॉटही गेले. उरले ते बुडापासून काठापर्यंत एक हंडा मठारला जाण्याचे काम, आणि त्याच्या दरम्यान पेरलेले काकांचे बोलणे.

चित्राचे संकलन लॉक झाले आहे, म्हणजे त्यात आता बदल करायचे नाहीत. ध्वनिमिश्रण बाकी आहे आणि त्यावर गटात मतभेद आहेत : एका सहकाऱ्याला शेवटच्या दीड मिनिटाखाली संवादिनीचे हलके सूर हवे आहेत, तर मला तिथे चढत जाणाऱ्या ठोक्यांखेरीज काहीही नको आहे. दोन्ही आवृत्त्या तयार करून आधी काका-काकूंना चांगल्या स्पीकरवर ऐकवायच्या, असे ठरले आहे. त्यांच्याच कामाचा आवाज तो. कोणती ठेवायची ते त्यांचे ऐकून ठरवू.